बॅलन्स डावीकडे

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, की यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या काकांच्या घरी घडलं. आणि काका कसे? भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून पंख्याला तेल घालायला जाणारे.

शिवाय ही रात्रीची गोष्ट नाही. तेच जास्त त्रास देतं.

मागच्या वर्षीचा मार्च महिना. दुपारचे तीन. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर, पुढच्या खोलीत काकांची वेताची खुर्ची. खुर्चीसमोर कमरेएवढे उंच दोन स्पीकर. त्यांच्या मधोमध मांडणीवर अॅम्प्लिफायर. उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. डाव्या हाताला कोरी भिंत, आणि भिंतीपलीकडे काही नाही. थेट रस्ता, दोन मजले खाली.

त्या खोलीत जे झालं ते मला काकांनी सांगितलं. काकूंनी सांगितलं. आणि एका तिऱ्हाईत माणसानंही सांगितलं. तिघांना मी वेगवेगळं गाठलं होतं.

तिघांचं तंतोतंत जुळतं.

काका एकतीस वर्षं छापखान्यात होते. मशीन कायम डाव्या हाताला. दिवसभर धडधड, धडधड. निवृत्त होईपर्यंत डावा कान निम्मा झिजला होता. त्यामुळे त्यांना सगळेच आवाज उजवीकडून आल्यासारखे वाटायचे. त्याची ते स्वतःच चेष्टा करायचे. "माझं जग एका बाजूला कललंय," म्हणायचे.

काकूंचं उलट. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आवाज हीच त्यांची भाकरी. साठी उलटली तरी आवाज असा खणखणीत, की त्यांनी आतून "चहा झालाय" म्हटलं तर जिन्यातून जाणारा शेजारीसुद्धा थबकायचा. रोज सकाळी त्या खालच्या मजल्यावर जाऊन एका अंध म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायच्या. हे म्हातारे पूर्वी कोर्टात टंकलेखक होते. सगळी इमारत त्यांना टायपिस्ट आजोबा म्हणते.

असं हे सरळसोट घर. त्या घरात मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोस्टानं एक पाकीट आलं.

आत एक सीडी होती आणि चार ओळींची चिठ्ठी. एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकाच्या मुलीनं पाठवलेली. वडील गेले, स्टुडिओ बंद करतोय, जुन्या टेपांत तुमचं नाव सापडलं, म्हणून सीडीवर उतरवून पाठवतेय, एवढंच.

काकूंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग होत्या तिथेच बसल्या.

त्या टेपवर दोन मुली गात होत्या. एक काकू, एकोणीस वर्षांच्या. दुसरी काकांची मोठी बहीण.

ताई.

ताई आणि काकू जिवाभावाच्या मैत्रिणी. काकूंचं या घरी येणं-जाणं सुरू झालं ते तिच्यामुळेच. पुढे काका-काकूंचं लग्न झालं, पण ते बघायला ताई नव्हती. त्या गाण्यानंतर सात महिन्यांत ती गेली. घशाचं दुखणं. आधी आवाज गेला, आणि दीड महिन्यानं ती. शेवटी शेवटी पाटीवर लिहून बोलायची.

स्टुडिओवाल्याकडे तेव्हा नुकतंच स्टीरिओ मशीन आलं होतं. त्याला ते वापरून बघायचं होतं. म्हणून त्यानं दोघींना दोन माइक दिले. ताईचा आवाज पूर्ण डाव्या स्पीकरात, काकूंचा पूर्ण उजव्या. वाद्य एकही नाही. नुसते दोन आवाज. दोन कडवी. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

सीडी लावली तेव्हा काकू रडल्या, मग हसल्या. मग म्हणाल्या, झालं, आता परत नको. आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

काकांचं मात्र झालं नव्हतं.

त्यांना ताई नीट ऐकूच आली नव्हती.

उजवीकडून काकू घंटेसारख्या खणखणीत. आणि डावीकडून ताई, जणू जाड पडद्यामागून. चव्वेचाळीस वर्षांनी बहिणीचा आवाज कानावर पडला, आणि तोही अर्धामुर्धा. काका मला म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या कानाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ते मधल्याकडे गेले.

मधला म्हणजे रेडिओ-स्टीरिओ दुरुस्त करणारा. तीन भावांचं दुकान, त्यात हा मधला. पण नाव चिकटलं त्याला आणखी एक कारण होतं. दुकानात आलेल्या प्रत्येक सेटचं बॅलन्सचं बटण, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायचं, तो आधी बरोबर मध्यावर आणायचा, आणि मगच मागचं झाकण उघडायचा. पन्नाशीचा माणूस, पण या बाबतीत लहान मुलासारखा हट्टी.

त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. ज्यानं रेकॉर्ड केलं त्यानं ज्याला जिथे उभं केलंय, तिथेच त्याला ऐकावं. आवाज एका अंगाला वाटला तर खुर्ची सरकवा. स्पीकर सरकवा. समोरच्या काचेवर पडदा ओढा. पण बटणाला हात लावू नका. घरी ऐकणाऱ्याला ते बटण देणं म्हणजे प्रवाशाच्या हातात स्टिअरिंग देणं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कानच एका बाजूचा गेला असेल तर? खुर्ची कुठे सरकवू? डोक्यात?"

मधला हसला. मग विचारात पडला. शेवटी म्हणाला, कानासाठी असेल तर चालेल. खरं तर कानासाठीच ते बटण ठेवावं. पण एक रेघ. फार तर दोन. आणि गाणं संपलं की परत मध्यावर.

काका दुकानाच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा त्यानं मागून थांबवलं.

"एक लक्षात ठेवा. ते डावीकडे फिरवलं की डावा आवाज वाढला असं वाटतं. तो वाढत नाही. उजवा कमी होतो."

काकांनी मान हलवली. लक्षात मात्र ठेवलं नाही.

त्या दुपारी तीन वाजता काकू आत आडव्या झाल्या होत्या. काकांनी सीडी लावली, आणि बटण डावीकडे एक रेघ सरकवलं.

पडदा बाजूला झाला.

ताई डावीकडे उभी होती. काकू उजवीकडे. दोघी सारख्याच अंतरावर. काका मला म्हणाले, त्या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेतून उठून चालत जाता येईल असं वाटलं. गाणं संपलं तेव्हा त्यांचे गाल ओले होते, आणि त्यांनी बटण आठवणीनं परत मध्यावर आणलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन रेघा. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन. डावीकडे एकूण सहा रेघा होत्या. बटण मध्यावर आणणं तिसऱ्या दिवशी राहून गेलं. चौथ्या दिवशी त्यांनी ते मुद्दामच आणलं नाही.

चार रेघांवर त्यांना ताईचा श्वास ऐकू यायला लागला. ओळ सुरू व्हायच्या आधी घेतलेला, छोटासा. पाच रेघांवर त्यांना कळलं, की दुसऱ्या कडव्यात ती हसत हसत गातेय. आवाजातलं हसू. काका ते विसरून गेले होते. काकूंचा आवाज आता उजवीकडे लांब कुठेतरी, शेजारच्या घरात कुणी गुणगुणावं तसा.

त्याच आठवड्यात एकदा गाणं संपलं, काकांनी डोळे उघडले, आणि बघतात तर शेजारच्या स्टुलावर चहाचा कप.

वाफाळता.

काकू येऊन ठेवून गेल्या होत्या. त्यांच्या सपाता फरशीवर चटक-चटक वाजायच्या. त्या आवाजाची घरात इतकी सवय, की तो आला नाही हे काकांना कप बघून कळलं.

कान आणखी गेला, त्यांना वाटलं.

मग कपाट उघडल्याचा आवाज येईनासा झाला. मग नळाचा. भांडी घासून पालथी घातलेली दिसायची, पण घासताना काही वाजलेलं नसायचं. आणि गंमत अशी, की रस्त्यावरच्या गाड्या, वरच्या मजल्यावर सरकवलेलं टेबल, खिडकीतलं कबूतर, हे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

फक्त काकूच... नव्हत्या.

बोलायच्या, पण हळू. काका सारखे "काय म्हणालीस" विचारायचे, आणि काकू चिडून तेच परत सांगायच्या. तेही हळूच.

एका सकाळी जिन्यात टायपिस्ट आजोबांनी काकांना अडवलं. हातात काठी, मान थोडी तिरकी. वहिनींना बरं नाही का, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नाही, ठीक आहे की.

म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"मी माणसं पावलांवरून ओळखतो. वहिनी माझं दार लोटतात, ते कुरकुरतं. मग चपला काढतात. मग खुर्ची ओढतात. गेले चार दिवस यातलं काहीच होत नाही. मी बसलेलो असतो... आणि एकदम कळतं, की खोलीत कुणीतरी आहे. मग त्या वाचायला लागतात. मला पुढे वाकून ऐकावं लागतं." त्यांनी काठी एकदा जमिनीवर टेकवली. "माझे कान शाबूत आहेत."



म्हणजे दोष काकांच्या कानाचा नव्हता.

तरी खात्री करून घ्यायची म्हणून ते कान तपासायला गेले. हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कागद आला. तीन वर्षांपूर्वीच्या कागदाशी तो रेघेला रेघ जुळत होता. काहीच बदललेलं नव्हतं. मग काकूंना घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी दिवा टाकून बघितलं. घसा स्वच्छ. सूज नाही, गाठ नाही. थोडी विश्रांती घ्या म्हणाले.

परतताना रिक्षात काकू काहीतरी बोलल्या. काकांना अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर माणसानं ते यंत्र बंद नसतं का केलं? मीही काकांना हेच विचारलं. काका बराच वेळ नखं बघत बसले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली नव्हती असं नाही. पण तीन वाजले की पाय आपोआप खुर्चीकडे वळायचे.

"अरे, ती श्वास घ्यायची ना," ते म्हणाले, "दर वेळी वाटायचं, आता गाणार नाही. आता काहीतरी बोलेल."

एकोणीस तारखेला, डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. सहाव्या रेघेपर्यंत. टोकाला ते टक् करून अडलं.

उजवा स्पीकर पूर्ण बंद.

आता फक्त ताई.

ती एकटी असली की गाणं विचित्र वाटत होतं. दोघींसाठी बांधलेलं ते. ताई एक ओळ म्हणायची, मग थांबायची. जिथे काकूंनी उत्तर द्यायचं तिथे नुसती शांतता. मग परत ताई. जणू ती विचारतेय, आणि वाट बघतेय. विचारतेय, आणि वाट बघतेय.

गाणं संपलं.

यंत्रावरचे आकडे तीन-चाळीसवर गेले आणि शून्य झाले. सीडी फिरायची थांबली. काकांनी हे नीट बघितलं. ते छापखान्यातले, आकडा बघायची त्यांना सवय.

पण डाव्या स्पीकरातून...

श्वास येत होता.

आत. बाहेर. आत.

काकांचे हात खुर्चीला चिकटले. आणि मग, अगदी जवळून, अगदी नेहमीच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"टिचके. चल ना, परत म्हणू."

टिचकी हे काकूंचं जुनं नाव. गाताना बोटांनी टिचक्या वाजवून ताल धरायच्या म्हणून. त्या नावानं त्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं.

काकांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हातात झाकण ठेवलेलं पातेलं. चेहरा पांढराफटक. त्यांचे ओठ हलत होते. भराभर हलत होते.

आवाज नव्हता.

काकूंच्या हातून पातेलं सुटलं. फरशीवर आपटलं. झाकण निसटून गोल गोल फिरत खुर्चीच्या पायापर्यंत आलं, डगमगलं आणि आडवं झालं.

त्याचाही आवाज नव्हता.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू केली. ते ऐकू आलं.

काका झेपावले. बटण मध्यावर आणलं. काही नाही. पूर्ण उजवीकडे फिरवलं, टोकापर्यंत. उजव्या स्पीकरातून काही नाही. आणि डावा... बटण पूर्ण उजवीकडे असताना डाव्यानं मुकं व्हायला हवं.

तो श्वास घेतच होता.

त्यांनी भिंतीतून पिन खेचून काढली. तेव्हा कुठे तो थांबला. पण काकूंचा आवाज परत आला नाही. त्या भिंतीला धरून खाली बसल्या होत्या, आणि रडत होत्या. तोंड उघडं टाकून, हुंदके देत. टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत.

काकांनी मधल्याला फोन केला. काय सांगितलं ते त्यांना आठवत नाही. मधल्याला आठवतं. "ते फक्त म्हणाले, उजवीकडचं सगळं गेलंय. लवकर ये."

अर्ध्या तासात मधला हत्यारांची पेटी घेऊन हजर. काकूंकडे बघून त्यानं काही विचारलं नाही, सरळ कामाला लागला. सोबत आणलेली दुसरी सीडी लावली. डावा वाजला, उजवा नाही. तारांची अदलाबदल केली. आता उजव्या स्पीकरातून डावीकडचा आवाज आला. म्हणजे स्पीकर ठणठणीत. मग त्यानं अॅम्प्लिफायर उघडलं, उजव्या बाजूच्या तारेला मीटर लावला आणि बघतच राहिला.

"सुई हलतेय," तो म्हणाला. "आवाज इथून निघतोय. मग जातोय कुठे?"



मधल्यानं कपाळ पुसलं. मग त्यानं ठरवलं, की हे बटणच मुळापासून काढून टाकायचं. तारा सरळ एकमेकींना जोडायच्या. म्हणजे यापुढे कुणाला काही फिरवताच येणार नाही. त्याच्या पुस्तकात याला काही आधार होता का? मी त्याला विचारलं. नव्हता, म्हणाला. पण हातावर हात ठेवून बसवेना.

तो तारांना कथिलाचा डाग देत होता, आणि काकू टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. पेन्सिल कागदावर चालत होती, पण खरखर नव्हती. लिहून झालं तसा त्यांनी कागद काकांपुढे सरकवला.

तो कागद मी बघितलाय. काकांनी जपून ठेवलाय.

"तिचा आवाज गेल्यावर शेवटचे पंधरा दिवस मी तिच्याकडे आले नाही. परगावी नव्हते. घरीच होते. तिची पाटी मला बघवत नव्हती. तिनं दोनदा निरोप पाठवला होता. सोळाव्या दिवशी ती गेल्याचाच निरोप आला."

चव्वेचाळीस वर्षांत हे काकूंनी कुणालाही सांगितलं नव्हतं. काका समजत होते, की काकू परगावी होत्या म्हणून येऊ शकल्या नाहीत. त्यांनी कागद वाचला, आणि त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मीही तिला सांगितलं, की रोज दुपारी मी तुझा आवाज कमी करत होतो. जाणूनबुजून. एक-एक रेघ.

काकूंनी कागद परत ओढला आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले.

"लावा. म्हणते."

मधल्यानं तारा जोडल्या होत्या. समोरच्या पट्टीवर बटणाच्या जागी आता नुसतं भोक होतं. त्यानं काकांकडे बघितलं. काकांनी ताईची सीडी आत सरकवली.

डावीकडून ताई. उजवीकडून काही नाही.

काकू उजव्या स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उजवा हात वर केला, आणि टिचकी वाजवली. बोटं एकमेकांवर घासली, निसटली. आवाज नाही. तरी त्या ताल धरून राहिल्या. ताईनं ओळ म्हटली. काकूंनी तोंड उघडून उत्तर दिलं. शांतता. ताईनं पुढची ओळ म्हटली. काकूंनी उत्तर दिलं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, ओठ अचूक शब्दांवर मिटत-उघडत होते, आणि खोलीत फक्त ताई होती.

पहिलं कडवं असंच गेलं.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला...

टिच्.

मधला म्हणतो, तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

टिच्. टिच्.

मग एक घोगरा, फाटका श्वास. मग शब्दाचा शेवट. मग अख्खा शब्द. त्रेसष्ट वर्षांच्या बाईचा चिरकलेला आवाज, सुराच्या आसपास चाचपडणारा. आणि त्याच्या मागून, उजव्या स्पीकरातून, हळूहळू वर येत, एकोणीस वर्षांच्या मुलीचा.

शेवटची ओळ त्या खोलीत तीन आवाजांनी म्हटली.

गाणं संपलं. आकडे शून्य झाले. तिघंही डाव्या स्पीकरकडे बघत उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, आणि तो ऐकू येत होता.

डावीकडे काही नव्हतं.

"बंद करा आता," काकू म्हणाल्या. खरखरीत, पण स्वतःच्या आवाजात.

त्याच संध्याकाळी मधला सगळं यंत्र घेऊन गेला, दोन्ही स्पीकरांसकट. ते त्यानं विकलं नाही. सुटं करून भंगारात टाकलं, आणि याचे पैसे घेणार नाही म्हणाला. सीडी काकूंनी कुठेतरी ठेवून दिली. कुठे ते काकांनी विचारलं नाही. आठवडाभरात काकूंचा आवाज पूर्ववत झाला. टायपिस्ट आजोबांनी काकांना निरोप पाठवला, की दार आता कुरकुरतंय.

सगळं ठीक झालं, असंच मलाही वाटलं होतं.

जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारचीच वेळ. काका त्याच वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. समोरची भिंत आता मोकळी, मांडणीवर एक शोभेची कुंडी. मी त्यांच्यासमोर बसलो होतो, आणि काकू आत ओट्याशी उभ्या. माझ्या जागेवरून त्या मला उघड्या दारातून स्पष्ट दिसत होत्या.

काकांना एक नवी सवय लागली आहे. घरात थोडा वेळ शांतता झाली, की ते आतल्या दिशेला हाक मारतात. काही काम नसतं. फक्त म्हणतात, "अगं?" आणि काकू आतून म्हणतात, "आहे." तेवढ्यानं काकांच्या जिवात जीव येतो, आणि ते पुढचं वाचायला लागतात. मी होतो त्या तासाभरात असं तीन-चारदा झालं. काकू एकदा हसून म्हणाल्यासुद्धा, की एक्स्चेंजमध्ये इतके कॉल घेतले नव्हते.

मग काकू ओट्यावर वाकून काहीतरी निवडत होत्या. बराच वेळ शांतता होती.

काकांनी पेपर खाली केला. "अगं?"

"आहे."

काकांनी समाधानानं पेपर वर उचलला.

मी काकूंकडेच बघत होतो.

त्यांचे ओठ हलले नव्हते.

आणि आवाज स्वयंपाकघरातून आला नव्हता. तो आला होता काकांच्या डाव्या हाताकडून. कोऱ्या भिंतीतून. बाईचा आवाज. तरुण. हसरा.

काकांना ते कळणं शक्य नव्हतं. डावा कान तसा, त्यांना सगळेच आवाज उजवीकडून आल्यासारखे वाटतात. माझे दोन्ही कान धड आहेत.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं, आणि माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी मान हलवली. हळूच, दोनदा. नको.

मी अजूनही काकांना काही सांगितलेलं नाही.

पण काकूंचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यावर भीती नव्हती. दचकणंही नव्हतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.